रविवारचा माणूस

आमच्या वस्तीइतका काटेकोर रविवार साऱ्या खानदेशात कोणी पाळत नसेल, असं आबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच. पाहुणा मिशनचा असला की हे वाक्य ते हात जोडून म्हणायचे, सरकारी असला की छाती काढून म्हणायचे, आणि पाहुणा नसला की आईला ऐकवायचे. आई चुलीपुढे भाकरी थापत असायची. ती मान वर न करता ऐकायची आणि भाकरी उलटायची.

मी धुळ्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीला घरी यायचे. त्यामुळे हे वाक्य मला वर्षातून मोजक्याच वेळा ऐकावं लागायचं. तरी दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण आमचा रविवार आमच्यासाठी दुसरंच कोणी मोडत होतं. तो माणूस म्हणजे माझा सख्खा मामा.

आमचं गाव एरंडोल आणि धरणगाव यांच्या मधलं. गावाच्या वेशीबाहेर, नाल्याच्या अंगाला आमची वस्ती. पिढीजात धंदा दोर वळण्याचा. अंबाडीची ताटं नाल्यात कुजत घालायची, त्यांच्या सालीचा धागा, म्हणजे वाख, सोलायचा, वाळवायचा आणि वळायचा. बैलाची वेसण, कासरा, गुरांचं दावं, विहिरीवरच्या मोटेचा जाडजूड नाडा, सगळं आमच्या अंगणातून निघायचं. आसपासच्या शेतकऱ्यांचं आमच्यावाचून पान हलत नसे, आणि तरीही आम्हाला वेशीच्या आत पाणी मिळत नसे. नाल्याच्या पाण्यावरच आमचे घडे भरायचे.

एका हिवाळ्यात मिशनच्या गोऱ्या साहेबाचा तंबू आमच्या नाल्याकाठी पडला आणि हिवाळा सरेपर्यंत वस्तीतल्या सगळ्या घरांचा बाप्तिस्मा झाला. कोणाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. आबांचं मात्र ठाऊक आहे. पाटलाच्या ओट्यासमोर ज्यांना उन्हात उभं राहावं लागायचं, त्यांना साहेबाच्या तंबूत मोडकी का होईना, खुर्ची मिळाली. या कारणाला मी नावं ठेवणार नाही. माणसाला बसावंसं वाटतंच. पण त्या खुर्चीवर आबा जे बसले, ते पुन्हा कधी उठलेच नाहीत, आणि तिथूनच ते लोकांना देवाचं मन काय आहे ते सांगू लागले.

मामा त्या हिवाळ्यात गावात नव्हता. त्याची बायको आदल्या वर्षी तापात गेली होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून तो धुळ्याला रुईच्या गाठी बांधण्याच्या कामावर गेला होता. शिमग्याला परतला तेव्हा सगळी वस्ती ख्रिस्ती झालेली. बहिणीच्या कपाळाचं कुंकू गेलेलं पाहून त्याला वाटलं, आबाच गेले. तो दारात बसून मोठ्याने रडू लागला. मग आबा घरातून खाकरत बाहेर आले. ही गोष्ट तो पुढे कितीतरी वर्षं मीठमसाला लावून सांगायचा, आणि आबांना ती मुळीच आवडत नसे.

मामा काही संत नव्हता. मिशांना तेल लावायचा, फुशारक्या मारायचा, जेवताना दोन माणसांची चटणी एकटा संपवायचा आणि चिडला की त्याच्या तोंडाला लगाम नसे. पण पुढे मी मिशनच्या शाळेत शिकले आणि सुट्टीत संध्याकाळी आईला शुभवर्तमान वाचून दाखवायचे, तेव्हा तो ओसरीच्या कडेला वाख पिंजत ऐकत बसायचा. एकदा त्याने विचारलं, "हाऊ प्रभू सुतारना पोऱ्या व्हता ना? मंग त्याना हातले बी घट्टे व्हतीन." मी म्हटलं, असतील. त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "मंग माले बी करी टाका ख्रिस्ती."

इतकं सरळ मागणं आमच्या मंडळीत कोणी कधी केलं नव्हतं. बाकीच्यांनी साहेबाकडे औषध मागितलं होतं, शाळा मागितली होती, पाटलाविरुद्ध शब्द मागितला होता. याला नुसता बाप्तिस्मा हवा होता. साहजिकच तो द्यायचं कोणाच्या मनात येईना.

यामागे एक अडचण होती, ती नीट सांगितली पाहिजे. आमच्या गावचा बाजार रविवारी भरायचा. आठवड्यातला तो एकच दिवस, आणि दोर खपायचा तो त्याच दिवशी. बाप्तिस्मा घेताना हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. साहेबाने रविवारी काम करायचं नाही असं सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पहिला रविवार उजाडला तेव्हा वस्तीतल्या माणसांना आपण काय कबूल करून बसलो ते कळलं. धरणगावला आणि एरंडोलला दोर विकावा तर तिथले दोरवाले आपापल्या जागा धरून बसलेले, ते आम्हाला पथारी टाकू देईनात. दोन-तीन रविवार दोरांची भेंडोळी घरातच पडून राहिली. मग पंच बसले.

त्या बैठकीत आबांना जो प्रकाश मिळाला, तो साहेबालाही कधी मिळाला नसता. ते म्हणाले, रविवारची आज्ञा ख्रिस्ती माणसाला आहे. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला ती नाही. आपला मेव्हणा अजून बाहेरचा आहे. तो बाजारात बसला तर आपल्यापैकी कोणी रविवार मोडला असं होत नाही. सगळ्या पंचांनी प्रभूचे आभार मानले. शास्त्रात त्याच आज्ञेत चाकराला, गुराढोरांना, वेशीच्या आतल्या परक्यालासुद्धा विसावा द्यायला सांगितलं आहे. पुढे मी ते आबांना काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात मेव्हण्याचा उल्लेख नाही."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरातून भेंडोळी यायची आणि आमच्या दारात मामाच्या पुढ्यात पडायची. आणून टाकणारे लोक धुतलेले कपडे घालून, केसांना पाणी लावून, हातात गीतांचं पुस्तक घेऊन यायचे. मामा सगळा माल बैलगाडीत भरायचा आणि हाकायचा. आमचं देऊळ, म्हणजे चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, पत्र्याचं होतं आणि बाजाराच्या मैदानाला लागूनच होतं. आत आम्ही गात असायचो आणि खिडकीतून मामा दिसायचा. उपासना चालू असताना आमच्या मंडळीइतकी एकाग्र मंडळी मी दुसरीकडे पाहिली नाही. सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला असायचे. फक्त ती दिशा पाळकांच्या आसनाची नव्हती.

दोर चांगला होता, हे मात्र खरं. इतर ठिकाणचे दोरवाले आत जुना कुजका वाख घालून वरून नवा गुंडाळायचे. आमच्यात तसं चालत नसे, आणि साहेब आपल्या देशातल्या लोकांना हे कौतुकाने कळवायचा की या गरीब माणसांनी आपला विश्वास आपल्या हातच्या कामात ओतला आहे. पण ही शुद्धता कुठून आली ते मी पाहिलेलं आहे. एकदा आबांनीच मोटेच्या एका नाड्यात जुना वाख घातला. मामाने तो नाडा हातात तोलला, पीळ उलटा फिरवला आणि अंगणात सगळ्यांदेखत उलगडून ठेवला.

आबा कुजबुजले, "गिऱ्हाइक आत पाहस का?"

मामा म्हणाला, "गिऱ्हाइक नही पाहत. पन तठे उभा मी ऱ्हास ना!"

झालं, तेव्हापासून वस्तीत कुजका वाख बंद. पंचांनी त्याला पवित्र आत्म्याचं कार्य म्हटलं. शेतकरी मामाकडे तुटलेला दोर घेऊन यायचा, तर मामा आधी त्याची खरडपट्टी काढायचा, "बैलले ऊसना फडमा सोडं व्हतं का?" वगैरे, आणि मग नवा दोर त्याच्या अंगावर फेकायचा. बाजारात आमच्या धर्माची जी काही अब्रू होती ती त्या पथारीवर बसलेली होती, आणि तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

वर्षातून दोन-तीनदा जळगावहून पाळक यायचे. त्यांना बाप्तिस्म्याची नावं पंच द्यायचे. मामाचं नाव दर वेळी राहून जायचं, आणि दर वेळी कारण नवं असायचं.

पहिलं कारण विडी. बाप्तिस्मा घेणाऱ्याने विडी सोडली पाहिजे. खुद्द आबा तंबाखू खायचे, पण तंबाखूचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मामाने विडी सोडली. पुढचे काही दिवस तो ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जायचा, बैलांनाही सोडलं नाही, पण सोडली. मग दुसरं कारण निघालं, की त्याला राग फार येतो. हे कारण आधीच्याच कारणाने झालं होतं, पण ते सांगणार कोणाला? मग तिसरं. त्याला वाचता येत नाही, आणि वाचता येत नसलेला माणूस विश्वासात टिकत नाही. ज्या मंडळीत मी आणि पाळक सोडले तर पुस्तक सरळ धरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती, तिने हे कारण काढलं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाला अक्षरं शिकवायला घेतली. मिशा पिळत, घामाघूम होत, मला शिव्या देत तो शिकला. दिवाळीच्या सुट्टीत आले तर तो बोट लावून वाचू लागला होता. त्याने पंचांपुढे एक अख्खा अध्याय अडखळत वाचून दाखवला. पंचांनी डोळे मिटून ऐकलं. ऐकून झाल्यावर एक पंच म्हणाले, वाचन बरं आहे, पण अर्थ पोचला की नाही ते काळच ठरवील.

मी आईला विचारलं, "तू आबांशी बोलत का नाहीस? तुझा भाऊ आहे."

आई म्हणाली, "त्यासले सांगीसन काय व्हई?" आणि सूप घेऊन बाहेर गेली. आईचाही मला तेव्हा रागच यायचा. या बाईला तोंड दिलंय कशाला, असं वाटायचं.

मग एका श्रावणात मामानेच काम थांबवलं.

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याला खानदेशात प्रत्येक बैलाला नवी वेसण, नवा कासरा, तोंडाला नवी मोरकी लागते. त्याच्या आदल्या रविवारचा बाजार म्हणजे आमचं वर्ष. वस्तीने पावसाळाभर वळलेला सगळा माल सकाळी आमच्या दारात येऊन पडला होता. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही घरी होते. लोक माल टाकून देवळात गेले. पहिलं गीत सुरू झालं आणि दारातून मामा आत आला. धुतलेलं धोतर, डोक्याला आबांचाच जुना फेटा, मिशांना तेल. मागच्या गोणपाटावर त्याने मांडी घातली आणि आमच्याबरोबर गाऊ लागला. सूर बेताचाच होता, पण शब्द सगळे पाठ.

गीत अर्ध्यावर ढेपाळलं. लोक मागे पाहत, मग खिडकीबाहेर पाहत. बाहेर मैदान शेतकऱ्यांनी फुललं होतं, आणि आमच्या जागेवर एक कुत्रं निजलं होतं.

आता गंमत अशी, की त्याला उठून जा म्हणायची सोय नव्हती. माणसाला देवळातून उठवून बाजारात धाडायचं, तेही रविवारी, तेही सर्वांदेखत! साहेबाच्या कानावर गेलं असतं. म्हणून आबा प्रार्थनेला उभे राहिले. देवाशी बोलायचं निमित्त करून माणसाला टोमणे मारायची कला आमच्याकडे सगळ्यांनाच अवगत होती, पण आबांनी त्या दिवशी कळस केला. हे दयाळू पित्या, ज्याचं त्याचं काम ज्याला त्याला आठवू दे. हे पित्या, या घटकेला जे अंगणात उघड्यावर पडलं आहे त्याच्यावर पाऊस पाडू नकोस. हे पित्या, कित्येकांच्या लेकरांची भाकर कोणा एकाच्या हाती तू दिलेली आहेस. असं बराच वेळ चाललं. पंच मोठमोठ्याने "आमेन" म्हणत होते. मामाही म्हणत होता, आणि सर्वांत मोठ्याने म्हणत होता.

प्रार्थना संपल्यावर आबांना राहवलं नाही. ते मागे आले आणि मामाला हळूच म्हणाले, "नाना, आज बजार शे."

"आज रविवार शे," मामा म्हणाला. "तुम्ही बठ्ठा आठे बसतस, मी बी बसस."

सुट्टीत देवळातली बाजाची पेटी मीच वाजवायचे; मला इतकं हसू आलं की मी तिचा भाता उगाच जोरात ओढला.

उपासना घाईघाईने गुंडाळून पंच तिथेच बसले. मला पेटी झाकायची होती, म्हणून मी होते. आई देऊळ झाडायला थांबली होती. मामा बाहेर निंबाखाली बसला होता. एका पंचाने विचारलं, दुसरा कोणी बाहेरचा माणूस आहे का? नव्हता. साहेबाने कोणी शिल्लकच ठेवलं नव्हतं. गावातल्या दुसऱ्या कोणाला सांगावं तर तो आमच्या पथारीवर बसायला तयार होईना. मग सर्वांत म्हातारे पंच जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. ते म्हणाले, आपल्यापैकीच एकाचं नाव मंडळीतून काढलं तर? थोड्या काळापुरतं. तो बाहेरचा झाला की रविवारी बसेल. पोळा झाला की त्याला परत घेऊ.

हा विचार सगळ्यांना पटला. फक्त नाव कोणाचं, हे ठरेना. ज्याच्याकडे बघावं तो प्रभूला एक क्षणही सोडायला तयार नव्हता. एकाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. आठवडाभर ज्यांच्या तोंडून प्रभूचं नाव शपथेपुरतंच निघायचं, त्यांची भक्ती त्या तासात अशी उचंबळली, की मला त्या लोकांकडे बघवेना. आई कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी होती. तिचं झाडणं केव्हाच थांबलं होतं.

शेवटी आबा बाहेर गेले आणि मामाला शब्द दिला. आजचा बाजार कर. पाळक येतील तेव्हा पहिलं नाव तुझं.

मामाने विचारलं, "प्रभूना नाववर सांगतस?"

"प्रभूना नाववर," आबा म्हणाले.

मामाने दुपारून गाडी जुंपली आणि संध्याकाळपर्यंत सगळा माल खपवून आला. रात्री पंचांच्या घरी कोंबड्या शिजल्या.

दिवाळीच्या सुमारास पाळक आले. मी आले होतेच. मामाने नवं पांढरं धोतर घेतलं होतं आणि आईने ते नाल्यावर दोनदा धुतलं होतं. देवळात पुढे पाण्याचं भांडं ठेवलेलं. पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं, या भावाला प्रभूच्या कुटुंबात घ्यायला कोणाची हरकत आहे का?

आबा उठले. मला वाटलं, ते मामाच्या बाजूने दोन शब्द सांगणार. त्यांनी घसा साफ केला आणि त्यांच्या खास पुस्तकी मराठीत म्हणाले, "फार जड अंतःकरणाने सांगतो. हा आमचा आप्त आहे. परंतु तो प्रभूच्या दिवशी व्यापार करतो. पोळ्याच्या आधीच्या रविवारीसुद्धा त्याने केला. अंतःकरण पालटलं असतं, तर केला नसता."

मामा उभाच होता. त्याने आबांकडे पाहिलं नाही. त्याने पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं.

मी उठले. माझी नोकरी मिशनची होती आणि पाळकांच्या एका शब्दाने ती गेली असती, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "तो काय विकतो ते विचारा. दोर कोणाचा आहे ते विचारा. इथे बसलेल्या एकाने तरी सांगावं, की माझा माल त्या गाडीत नव्हता!"

पाळक भला माणूस होता, म्हणजे ज्याला भांडण नको असतं तसा. आदल्या संध्याकाळी तो आमच्याच घरी जेवला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, हा विषय पंचांनी प्रार्थनापूर्वक विचारात घ्यावा. आपण नाताळला पाहू. मग त्याने भांड्यातलं पाणी निंबाच्या मुळाशी ओतायला सांगितलं.

मला वाटलं, आता तरी मामा गाडी मोडून टाकेल, बैल सोडून देईल, चार शिव्या हासडून धुळ्याला जाईल. पुढच्या रविवारी तो पुन्हा पथारीवर. मी त्याच्यावर बरसले. म्हटलं, तुला अभिमान काही आहे की नाही? या लोकांच्या तोंडावर थुंकायचं सोडून तू त्यांचीच ओझी वाहतोस?

तो वेसणी लावून ठेवत होता. म्हणाला, "गेल्या बजारले एक जनले नाडा देयेल शे. तुटना तर तो आठेच ई. आठे कोन ऱ्हाई? तुना आबा?"

मला त्याचा संताप आला. इतका वेळ मी ज्याच्यासाठी भांडले त्याला भांडायचंच नव्हतं. मी तशीच धुळ्याला निघून गेले.

नाताळच्या सुट्टीत आले तेव्हा मामा आजारी होता. छातीत सर्दी भरली होती, श्वास घरघरत होता. थंडीत पहाटे दवात भिजत गाडी भरायचा, त्यातच हे झालं असावं. पंच एकेक करून बघायला यायचे आणि येत्या रविवारपर्यंत उठशील ना, असं विचारायचे. आपुलकीने विचारायचे, यात शंका नाही. पाळक नाताळच्या आदल्या दिवशी यायचे होते. मामाने मला दोनदा विचारलं, पाळक कधी यायचे. मी सांगितलं, चार-पाच दिवस आहेत. पाळक यायच्या आधीच, शनिवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला.

रविवारी सकाळी सगळी मंडळी आमच्या अंगणात जमली. धुतलेले कपडे, केसांना पाणी. सवयीने एक-दोघांनी भेंडोळीही आणली होती, ती त्यांनी लाजून पाठीमागे धरली. ख्रिस्ती कब्रस्तानात बिगर बाप्तिस्म्याच्या माणसाला जागा द्यावी की नाही, यावर आधी खल झाला. आबांनी मन मोठं केलं. म्हणाले, त्याने आपली सेवा केली आहे. कुंपणाच्या आत द्या, पण कडेला. पंच म्हणाले, आबांचं काळीज मोठं आहे.

मग कोणीतरी विचारलं, खड्डा कोण खणणार?

तो रविवार होता. खड्डा खणणं म्हणजे मेहनतीचं काम. एकाने सुचवलं, सोमवारपर्यंत थांबू. दुसरा म्हणाला, प्रेत किती वेळ ठेवणार? तेव्हा ते म्हातारे पंच म्हणाले, "कोणी तरी बाहेरचा माणूस बघा." आणि खरोखर, माझ्या डोळ्यांदेखत, त्या सगळ्या माणसांनी सवयीने आमच्या दाराकडे पाहिलं. दाराच्या आत चटईवर मामा पडला होता.

आई त्याच्या उशाशी बसली होती. ती उठली. ओसरीच्या कोपऱ्यात कुदळ होती, ती तिने घेतली आणि अंगणात सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. आबा पुढे झाले. म्हणाले, "अक्का, आज रविवार शे." लोक आईला अक्का म्हणत, म्हणून चारचौघांत आबाही तसंच म्हणायचे.

आई म्हणाली, "तुमले बिगर बाप्तिस्मानं मानूस पाहिजे ना? मी शे. मनं नाव काढी टाका."

आबा काढतो म्हणेनात आणि नाही काढत असंही म्हणेनात. आईने त्यांची वाट पाहिली नाही. पदर खोचला आणि नाल्याच्या वाटेने कब्रस्तानाकडे चालू लागली. मी घमेलं आणि फावडं घेतलं आणि तिच्या मागून निघाले.

माती वरून टणक होती, खाली मऊ लागली. आई कुदळ मारायची, मी माती ओढायचे. आम्ही कुंपणाच्या कडेला खणत नव्हतो. आईने मधली जागा घेतली होती. बाजार भरू लागल्याचा कालवा ऐकू येत होता. थोड्या वेळाने देवळात पहिलं गीत सुरू झालं, आणि त्यात आबांचा आवाज नेहमीसारखाच सगळ्यांच्या वर होता.